हयातीचा दाखला

अण्णांना माफ करावं की नाही हा प्रश्न मला पडला, तोवर अण्णा मला ओळखेनासे झाले होते. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस; वेबिलात कधी एका रुपयाची चूक नाही. मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा त्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली आणि पुढे कित्येक वर्षं तोंड पाहिलं नाही. मग मेंदूला छोटे छोटे झटके येत गेले, आणि डॉक्टरांनी कागदावर व्हॅस्क्युलर डिमेन्शिया लिहिलं. आता ते मला अक्का म्हणतात. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जाऊन जमाना झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीशी, माझ्या आत्याशी, मिरजेच्या घरात हा वाद तुकड्यातुकड्यानं झाला. इथे तो सलग मांडते आहे, त्यामुळे आम्ही दोघी आहोत त्यापेक्षा शहाण्या वाटू.

आत्या : काल तुझ्या हातनं दादा दोन घास जास्त जेवला. अजून काय पाहिजे गं तुला?

मी : माझ्या हातनं नाही, अक्काच्या हातनं. सगळी माया अक्काच्या नावावर येते, आणि मी सही करून घेते.

आत्या : घेतेस ना? मग झालं तर.

मी : आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात हे चालणार नाही. जॉन लॉकनं 1694 मध्ये लिहून ठेवलंय की माणूस तोच आहे की नाही हे देहावरून ठरत नाही, जाणिवेवरून ठरतं, ती मागे जिथवर पोचते तिथवर. ते मानलं तर मला घराबाहेर काढणारे अण्णा आता उरलेलेच नाहीत. मग यांना माफ करणं म्हणजे भलत्यालाच पावती देणं.

आत्या : आणि ती पेन्शन कुणाची जमा होते? दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. परवा त्या पोरानं मशीनवर अंगठा ठेवायला लावला, तो उमटेना. घासून घासून रेषाच गेल्यात. ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला, तेव्हा कुठं मशीन हो म्हणालं. तुझ्या लॉकपेक्षा ते मशीन बरं.

(वर्गात एखाद्या मुलानं हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.)

मी : पेन्शन देहाला देता येते. माफी कशी देणार? समोरच्याला कशाबद्दल ते तरी कळायला हवं.

आत्या : मग तू काय करणार, खटला चालवणार?

मी : सकाळी दहापर्यंत ते बरेचसे भानावर असतात. गुरुवारी नावानं हाक मारली मला. तेव्हा विचारावंसं वाटलं, की अण्णा, तुमचं चुकलं का? एवढंच. डॉक्टर म्हणतात, हा आजार बहुधा पायरी पायरीनं उतरतो, मध्ये काही काळ थांबतो. आत्ता थांबलाय. पुढच्या पायरीनंतर विचारायलाही कुणी नसेल.

आत्या : विचारलं का नाहीस मग?

मी : एक प्रयोग आठवला म्हणून. 2010 मध्ये अमेरिकेत आयोवातल्या संशोधकांनी स्मरणाचा भाग निकामी झालेल्या रुग्णांना रडवणारे सिनेमाचे तुकडे दाखवले. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना आठवेना, पण उदासी तशीच राहिली. 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांतही तेच दिसलं. म्हणजे माझा प्रश्न अण्णा विसरतील, आणि का ते न कळता कासावीस होऊन बसतील. आरोप न सांगता शिक्षा.

आत्या : तर मग नकोच विचारू. आपल्याकडं पुंडलिक आहे की. आईबापाचे पाय चेपत बसला, देवाला थांबवलं विटेवर.

मी : पुंडलिकाच्या कथेत आधी पोरगाच चुकलेला असतो. बाप चुकला तर काय, हे ती कथा सांगत नाही. त्यापेक्षा नचिकेताचं बघ. बाप रागाच्या भरात म्हणाला, तुला मृत्यूला दिलं. पोरगा खरंच यमाच्या दारात जाऊन बसला. यमानं तीन वर दिले. आत्म्याचं गूढ त्यानं शेवटी विचारलं. पहिला वर मागितला तो बापाचा राग निवावा, आणि मी परत गेल्यावर त्यानं मला ओळखावं.

आत्या : बापानं माफी मागावी असं नाही म्हणाला?

मी : नाही. पण राग जाणं आणि ओळखणं त्यानं एका दमात मागितलं. मला निम्माच वर मिळाला. राग गेला, तोही ओळख गेली म्हणून.

आत्या : निम्मा तर निम्मा. पलीकडच्या गल्लीतले मास्तर याच आजारात बायकोवर चोरीचा आळ घेतात. आपला दादा पेपरच्या कडा फाडून तिकिटं देतो नि विचारतो, कुठं उतरणार?

मी : मला काल म्हणाले, मिरज? मिरज मागं गेलं, बाई.

(इथे आम्ही दोघी हसलो. असल्या घरात हसावं की नाही, हा प्रश्न फक्त बाहेरून येणाऱ्यांना पडतो.)

मी : मी त्यांचं सगळं करीन. पण पोरीनं बापाला माफ केलं असं तू गल्लीभर सांगू नकोस.

आत्या : मनात अढी ठेवून सेवा? ते ढोंग झालं.

मी : ढोंग कसलं? डायपर बदलायला हातमोजे लागतात, माफी लागत नाही. आईवडिलांना सांभाळण्याचा 2007चा कायदासुद्धा प्रेमाची अट घालत नाही.

आत्या : बरं. पण मग ती अढी ठेवणार कुणाजवळ? ज्याच्यावर होती तो तर सुटला.

मी : ज्याला आठवतंय त्याच्याजवळ. आत्या, त्या दिवशी तू घरात होतीस.

आत्या : होते.

मी : अण्णा आंघोळीला गेले तेव्हा काय करत होतीस?

आत्या : बंब पेटवत होते. असल्या आंघोळीला गार पाणी घ्यायचं असतं. त्याला सर्दी झालेली, म्हणून मी कढत काढून दिलं.

मी : काहीच बोलली नाहीस?

आत्या : मी माहेरी परत आलेली बाई, त्याच्या घरात, त्याच्या अन्नावर. बोलले असते तर तुझ्यामागनं माझी पिशवी बाहेर पडली असती. तरी चुकलंच. दादाच्या वतीनं नाही म्हणत, माझ्यापुरतं म्हणते.

मी : मी लगेच हो म्हणणार नाही.

आत्या : नको म्हणू. पण फार लांबवू नकोस. सत्तरी माझीही उलटली, आणि हे आमच्या घराण्यातच दिसतंय.