चुकण्याची हक्काची जागा

बाकावर बसूनही खेळाडू शिकत असतो, ही समजूत प्रशिक्षकांना मोठी सोयीची आहे. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना 48 मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण. त्यातली बहुतेक मिनिटे नावाजलेले खेळाडू घेतात. उरलेल्या चार-पाच मिनिटांत विशीतल्या पोराने चेंडू गमावला, की त्याला तडक परत बोलावले जाते. यात प्रशिक्षकाला दोष देता येत नाही, कारण पराभव त्याच्याच नोकरीवर बेततो. पण त्यामुळे पोर जपून खेळायला शिकते, आणि जपून खेळणारा फारसा वाढत नाही. सरावात नेम सुधारतो, ताकद कमावता येते. संपत आलेली वेळ आणि अंगावर चालून येणारा प्रतिस्पर्धी यांच्या कचाट्यात निर्णय घेणे मात्र सामन्यातच अंगवळणी पडते.

एनबीएने 2001मध्ये आठ संघांची दुय्यम लीग सुरू केली. पुढे अनेक वर्षे तिथल्या एकेका संघावर दोन-तीन एनबीए संघांचा वाटा असे, म्हणजे तो मनापासून कोणाचाच नसे. आज ती ‘जी लीग’ म्हणून ओळखली जाते आणि जवळपास प्रत्येक एनबीए संघाचा तिथे स्वतःचा संलग्न संघ आहे. डावपेच तेच, संज्ञा त्याच. त्यामुळे खाली शिकलेले वर गेल्यावर विसरावे लागत नाही.

टोरांटो रॅप्टर्सने 2015मध्ये शेजारच्या मिसिसॉगा शहरात ‘रॅप्टर्स 905’ हा संघ उभा केला. दुसऱ्याच वर्षी कॅमेरूनचा पास्कल सियाकम टोरांटोत दाखल झाला. हंगामाच्या आरंभी एक अनुभवी खेळाडू जायबंदी होता, म्हणून सियाकमला थेट पहिल्या पाचांत जागा मिळाली. काही महिन्यांनी ती गेली. टोरांटोने त्याला बाकावर कुजवत ठेवले नाही, 905कडे धाडले. तिथे चेंडू त्याच्या हाती होता, हल्ला त्याच्याभोवती रचला जात होता आणि फेक हुकली तरी पुढची पुन्हा त्यालाच घ्यायची होती. 2017च्या वसंतात 905ने लीग जिंकली आणि तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. निवड प्रक्रियेत कोणीच न घेतलेला फ्रेड व्हॅनव्हलीटही त्या संघातून खेळून गेला होता. दोनच वर्षांनी, 2019च्या एनबीए अंतिम फेरीतल्या पहिल्या सामन्यात सियाकमने 17पैकी 14 फेकी साधत 32 गुण केले. टोरांटोने ते विजेतेपद पटकावले, तेव्हा प्रशिक्षक निक नर्स होते. त्यांनीही याच दुय्यम लीगमध्ये आयोवा आणि रिओ ग्रान्दे व्हॅली या दोन संघांना विजेते केले होते. चुकत शिकण्याची मुभा प्रशिक्षकांनाही लागते.

मात्र संलग्न संघ असला की खेळाडू घडतोच, असे नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015मध्ये डॅलसने 52व्या क्रमांकावर निवडला. एनबीएच्या निवडीत नाव लागलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. डॅलसच्या संलग्न टेक्सास लेजेंड्समध्ये तो दोन हंगाम होता, पण तिथेही त्याच्या वाट्याला मोजकीच मिनिटे आली. एनबीएचा सामना त्याला कधीच खेळता आला नाही. खालच्या संघातही बाकच मिळाला, तर दोन शहरांतल्या बाकांत फरक तो काय? क्लबच्या मनात त्या खेळाडूसाठी नेमकी भूमिका ठरलेली असेल, तरच या व्यवस्थेला अर्थ राहतो.

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. सियाकमला चुकता यावे, म्हणून त्याच्यासोबत खेळणारे बाकीचे कोण होते? एकाच संघात दोन दर्जे असतात. एनबीए संघाशी ‘टू-वे’ म्हणजे दुहेरी करार केलेल्यांना आता नवोदिताच्या किमान वेतनाच्या निम्मे मिळते. हे करार 2017-18पासून आले. ज्यांचा करार फक्त लीगशी, त्यांना 2018-19मध्ये पाच महिन्यांच्या हंगामाचे मूळ वेतन 35,000 डॉलर होते. या खेळाडूंना दुसरा कोणताही एनबीए संघ उचलू शकतो, त्यामुळे पालक संघाला त्यांच्यावर मेहनत घेण्याचे कारणही कमी. आंद्रे इन्ग्रॅम दहा हंगाम या लीगमध्ये राहिला, जोडीला गणिताच्या शिकवण्या करत असे. एप्रिल 2018मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, एनबीएच्या लेकर्स संघाने त्याला बोलावले आणि पहिल्याच सामन्यात त्याने 19 गुण केले. ही कथा सांगताना सगळ्यांचे डोळे पाणावतात. पण इतका नेमबाज माणूस दहा वर्षे कोणाला का दिसला नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

स्पर्धा म्हटली की बहुतेक जण मागे राहणारच, हा युक्तिवाद खरा आहे. तो अपयशाचे समर्थन करतो, तुटपुंज्या वेतनाचे नाही. कारण मागे राहणारे निव्वळ हरलेले उमेदवार नसतात. होतकरू पोराने बचावात जागा सोडली की ती भरायला धावणारा, त्याने गमावलेला चेंडू परत मिळवणारा तिशीतला सहकारी त्याच्या शिक्षणात राबत असतो. पालक संघ नेमबाजीच्या प्रशिक्षकाला पगार देतो आणि त्याला खेळाडू घडवण्याचा खर्च म्हणतो. या सहकाऱ्याचे वेतनही त्याच खात्यात धरावे आणि त्याच मापाने द्यावे.