पहिल्या प्रयत्नाचे फळ

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात निराशा पदरी आली, की विद्यार्थ्याला दोन उपदेश हमखास ऐकावे लागतात. प्रयत्न करणे आपल्या हाती, फळाची आशा धरू नये, हा एक. झाले त्यातून शीक आणि पुन्हा बस, हा दुसरा. दोन्ही उपदेश पुष्कळदा एकाच तोंडून येतात, पण त्यांचे आपसात पटतेच असे नाही. फळाकडे पाहायचेच नसेल तर त्यातून शिकायचे कसे? आणि मार्क न् मार्क तपासायचा असेल तर फळाविषयी अनासक्त राहणे म्हणजे नेमके काय? गीतेच्या कर्मयोगाला विचारण्याजोगा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी खानदेशाबाहेर जावे लागत नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून तयार झाले. साने गुरुजी त्याआधी, १९२४ ते १९३०, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. त्याच अमळनेरात प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर चालत होते आणि वेदान्ताचे अध्ययन हे त्याचे मुख्य काम होते. म्हणजे फलत्याग हा शब्द या भागात केवळ कीर्तनातून आलेला नाही. तो इथे अभ्यासला गेला आहे.

फलत्यागाचे सूत्र दुसऱ्या अध्यायाच्या ४७व्या श्लोकात आहे आणि त्याला चार अंगे आहेत. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, फळासाठीच कर्म करणारा होऊ नये, आणि कर्म न करण्यातही गुंतू नये. चर्चेत पहिली दोन अंगे येतात, चौथे सहसा विसरले जाते. ‘आता परीक्षाच नको’ म्हणून हात झटकणे हे या चौथ्या अंगाच्या विरुद्ध आहे. टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा सगळा भर याच मुद्द्यावर आहे: सोडायची ती आसक्ती, कर्म नव्हे. विनोबा त्यात मनाच्या व्यवहाराची भर घालतात. फळावर डोळा असलेल्या माणसाचा बराच वेळ फळाच्या चिंतनात जातो. ज्याने फळ सोडले त्याची सगळी शक्ती कामाला मिळते. फलत्यागी माणसाचे काम म्हणूनच अधिक नेटके व्हायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

इथे एक भेद स्पष्ट करावा लागतो. श्लोक नाकारतो तो फळावरचा हक्क. फळाची माहिती घेऊ नये असे तो कुठेच म्हणत नाही. त्याच अध्यायाच्या ५०व्या श्लोकात योग म्हणजे कर्मातले कौशल्य असे सांगितले आहे, आणि केलेल्या कामाचे काय झाले हे न पाहता कौशल्य वाढत नाही. शिवाय आसक्ती निकाल नीट वाचू देत नाही. ज्याने त्या आकड्यावर आपली सगळी किंमत लावलेली असते, तो निकालाचे पान एकदा पाहून बंद करतो किंवा पेपर काढणाऱ्याला बोल लावत बसतो. निकालाकडे शांतपणे पाहण्याची सोय फलत्यागानेच होते. म्हणजे सुरुवातीचे दोन उपदेश एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिला पाळल्याशिवाय दुसरा पाळता येत नाही.

असे पाहणे म्हणजे काय, हे ‘गेट’च्या उदाहरणावरून कळते. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी, शिरपूर, धुळे इथले अनेक पदवीधर एमटेकच्या प्रवेशासाठी ही परीक्षा देतात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे. परीक्षेनंतर उमेदवाराला स्वतःची नोंदलेली उत्तरे आणि उत्तरतालिका दोन्ही पाहायला मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून चुकलेल्या प्रश्नांचे ढीग केले, तर ते साधारण पाच होतात: विषयच आला नाही, आला पण आकडेमोड चुकली, प्रश्न वाचण्यात चूक झाली, अंदाजाने ठोकले, वेळच पुरला नाही. प्रत्येक ढिगाचे औषध वेगळे. पहिल्यासाठी पुन्हा पुस्तक उघडावे लागते, शेवटच्यासाठी घड्याळ लावून पेपर सोडवावे लागतात. एकूण गुणांच्या एका आकड्यात हे पाचही ढीग मिसळलेले असतात. म्हणून तो आकडा दुःख देतो, पण काही शिकवत नाही.

अंदाजाच्या ढिगाचे गणित विशेष पाहण्यासारखे आहे. ‘गेट’मध्ये चारांपैकी एकच पर्याय बरोबर असलेल्या दोन गुणांच्या प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी दोन तृतीयांश गुण कापले जातात. डोळे मिटून ठोकले तर चारांत एकदा दोन गुण मिळतात आणि तीनदा मिळून दोन गुण जातात. सरासरी हिशेब शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तोच हिशेब किंचित फायद्याचा होतो. याउलट उणे गुण नसलेल्या परीक्षेत रिकामा सोडलेला प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान. एका परीक्षेतले धाडस दुसरीत गैरलागू ठरते, आणि हे पहिल्या प्रयत्नात अंगाशी आल्याशिवाय पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

निकालाची कारणे शोधायची, तर गीतेने त्यासाठी एक चौकट दिलेली आहे. अठराव्या अध्यायाच्या १४व्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जुन्या भाष्यांत अधिष्ठान म्हणजे देह आणि करणे म्हणजे इंद्रिये. परीक्षेच्या संदर्भात करणांमध्ये बाहेरची साधनेही धरता येतात: पुस्तके, इंटरनेट, सराव परीक्षा, शिकवणीची फी, इंग्रजी वाचण्याचा वेग. पदवीपर्यंत गावातून एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी आणि पुण्यात खोली घेऊन वर्षभर शिकवणी लावणारा विद्यार्थी यांची करणे सारखी नसतात. चेष्टा म्हणजे त्या तीन तासांत प्रत्यक्ष काय केले ते. या चारांत न बसणारे ते दैव: पेपर किती कठीण निघाला, कोणत्या सत्रात नंबर आला, इतरांनी काय केले, जागा किती होत्या. पर्सेंटाइलमध्ये तर हे उघडच दिसते, कारण तो आकडा इतरांशी तुलना करूनच ठरतो.

याच अध्यायात पुढे १६व्या श्लोकात म्हटले आहे, की पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कार न झालेली समजावी. हा श्लोक सहसा यशस्वी माणसाच्या अहंकाराला लावला जातो, पण तो अपयशी माणसालाही तेवढाच लागू आहे. ‘सगळा दोष माझाच’ हे वरवर नम्र वाटते. खरे तर तेही स्वतःला एकटा कर्ता मानणेच आहे. आणि ‘नशीबच फुटके’ म्हणणारा पाचांतले शेवटचे कारण धरून पहिली चार सोडून देतो. शिकण्याचे रस्ते दोघांचेही बंद होतात. दैवाला पाचवा वाटा द्यावा, पण पाचवाच.

तरीही कारणे समजली म्हणून दुःख जात नाही. निराशेतला माणूस आधी दार लावून घेतो. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरला जिची समाधी आहे, त्या मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांचा प्रसंग हाच आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसतात आणि धाकटी बहीण बाहेरून त्यांची समजूत काढते. दुखणे खोटे आहे असे ती म्हणत नाही. ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याने दार लावून बसू नये, असे तिचे म्हणणे. निकालानंतरच्या आठवड्यात घरच्यांनी काय करावे याचा पाठ या प्रसंगात आहे: चौकशी आणि तुलना मागाहून, आधी दार उघडणे.

पहिल्या प्रयत्नाचे श्रम वाया गेले का, हा यापुढचा प्रश्न. सहाव्या अध्यायात अर्जुन जवळजवळ हाच प्रश्न योगभ्रष्टाविषयी विचारतो: श्रद्धा होती, प्रयत्न पुरला नाही, मग तो दोन्हीकडून गेला का? उत्तर असे, की पूर्वीचा बुद्धीचा संस्कार त्याला पुन्हा मिळतो आणि तिथून तो पुढे निघतो. गीता इथे जन्मांतराविषयी आणि मोक्षाच्या वाटेविषयी बोलते; परीक्षेला ते जसेच्या तसे लावणे योग्य नाही. पण त्यातला विचार उपयोगी आहे. शिल्लक राहतो तो संस्कार, फळ नव्हे. ‘गेट’चा गुणांक तीन वर्षे चालतो, एमबीएच्या प्रवेशासाठीच्या ‘कॅट’चा एका वर्षापुरता, त्यानंतर आकडे निरुपयोगी होतात. पहिल्या वर्षी समजलेले गणित मात्र मुदत संपून जात नाही.

पुन्हा बसावे की नाही, याचे उत्तर मात्र ‘पुन्हा बस’ एवढेच असू शकत नाही. कपाशीची पेरणी पावसाने दगा दिल्यामुळे वाया गेली, तर खानदेशातला शेतकरी दुबार पेरणी करण्याआधी बियाण्याचा पैसा आणि उरलेला हंगाम दोन्ही मोजतो. कधी पीकच बदलतो. विद्यार्थ्यालाही वर्ष, पैसा आणि घरची निकड मोजावी लागते. त्याहून खोल प्रश्न स्वधर्माचा आहे: ही परीक्षा आपल्या वृत्तीतून निघालेली वाट आहे, की सगळे बसतात म्हणून आपणही? विनोबा १९१६ साली इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले होते. वाटेत सुरतेला उतरून ते काशीला गेले. त्यांनी परीक्षा सोडली ती हरल्यामुळे नव्हे, दुसरी वाट स्पष्ट दिसली म्हणून. अपयशाच्या भीतीने माघार घेणे आणि वाट ओळखून वळणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून हा निर्णय निराशेच्या पहिल्या भरात घेऊ नये.

पुन्हा बसायचे ठरले, तर कसे बसावे याचे वर्णन अठराव्या अध्यायाच्या २६व्या श्लोकातल्या सात्त्विक कर्त्यात सापडते. तो आसक्तीतून सुटलेला असतो, मीपणाची भाषा बोलत नाही, त्याच्याजवळ धैर्य आणि उत्साह असतो, आणि सिद्धी-असिद्धीने तो बदलत नाही. यात उत्साह आणि निर्विकारता एकत्र ठेवली आहेत हे महत्त्वाचे. निर्विकारतेशिवायचा उत्साह पहिल्या निकालाबरोबर ओसरतो, आणि उत्साहाशिवायची निर्विकारता म्हणजे आळसाला दिलेले मोठे नाव. दोन्ही असलेला विद्यार्थी दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी होईलच अशी हमी गीता देत नाही. निकाल कोणताही लागो, तो उघडून वाचण्याची आणि पुढचे काम ठरवण्याची ताकद मात्र त्याच्यात राहते.