राज्य लोपल्यानंतरचा देव : फान रांगच्या चाम धर्मविचाराविषयी

दक्षिण-मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावरील फान रांग–थाप चाम हे शहर जून 2025 अखेरपर्यंत निन्ह थुआन प्रांताचे मुख्यालय होते आणि त्याला ‘प्रांताधीन शहर’ असा दर्जा होता. म्हणजे त्याचा कारभार थेट केंद्राकडे नसून प्रांतिक शासनाच्या अखत्यारीत चाले. 1 जुलै 2025 पासून देशातील जिल्हास्तर पूर्णपणे रद्द झाला, निन्ह थुआन प्रांत शेजारच्या खान्ह होआ प्रांतात विलीन होऊन मुख्यालय न्हा त्रांगला गेले आणि या शहराच्या जागी काही प्रभाग उरले, ज्यांपैकी एकाने फान रांग हे नाव राखले. याआधीही 1976 मध्ये हा प्रांत थुआन हाय या मोठ्या प्रांतात मिसळला गेला होता व 1992 मध्ये पुन्हा वेगळा झाला होता. ‘शहर’ हा दर्जा तर 2007 मध्येच मिळाला होता. सीमा आणि दर्जे असे बदलत असताना शहराच्या पश्चिमेकडील टेकडीवरच्या चाम मंदिरातील पूजा मात्र चालू राहिली आहे आणि त्यामुळे धर्मविचारातील एक जुना प्रश्न येथे विशेष तीव्रतेने उभा राहतो. ज्या धर्माची उभारणी राजाच्या आश्रयाने झाली, त्याचा राजा आणि राज्य दोन्ही नष्ट झाल्यावर त्यातील देव कशाच्या बळावर देव राहतो?

हा प्रदेश तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आणि चौथ्या बाजूला समुद्राला भिडलेला असून व्हिएतनाममधील सर्वांत कोरडा मानला जातो. वर्षाकाठी जेमतेम 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात भाताबरोबर द्राक्षे पिकतात आणि मेंढ्या पाळल्या जातात. चंपा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाम लोकांच्या राज्यसमूहातील दक्षिणेकडचा घटक येथेच होता आणि संस्कृत शिलालेखांत त्याचे नाव पांडुरंग असे येते. आजचे फान रांग हे त्याचेच रूप होय. मराठी वाचकाला या नावाने पंढरपूर आठवणे स्वाभाविक असले, तरी चंपेतील राजधर्म प्रामुख्याने शैव होता आणि विठ्ठलभक्तीशी त्याचा संबंध जोडण्यास काहीही आधार नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

चंपेत राजा आणि देव यांचे नाते किती घट्ट होते, हे देवांच्या नावांवरूनच दिसते. राजाने लिंगाची स्थापना करावी आणि आपल्या नावाला ‘ईश्वर’ हे पद जोडून देवाला नाव द्यावे, अशी तेथील रीत होती; मी सोन येथे भद्रवर्मन राजाने स्थापलेला भद्रेश्वर हे तिचे प्राचीन उदाहरण होय. फान रांगच्या टेकडीवरील विटांचे मंदिर तिसऱ्या जयसिंहवर्मनच्या काळातले, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीचे किंवा चौदाव्याच्या आरंभीचे आहे. त्याच्या दारावर नृत्यमग्न शिव असून गाभाऱ्यात मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेले लिंग आहे, आणि तेथील लेखात देवाचे नाव जयसिंहवर्मलिंगेश्वर असे दिलेले आहे. 1471 मध्ये उत्तरेकडील विजय हे नगर व्हिएतनामी सैन्याने जिंकल्यानंतर चाम राज्य मुख्यतः पांडुरंगापुरते उरले. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेही व्हिएतनामी न्गुयेन अधिपतींच्या अंकित झाले आणि 1832 मध्ये मिन्ह मांग या सम्राटाने ते पूर्णपणे खालसा केले. त्या काळच्या चाम हस्तलिखितांत शैव परंपरेतील लोकांना गोमांस आणि मुस्लिम परंपरेतील लोकांना डुकराचे मांस खाण्यास भाग पाडल्याच्या नोंदी आहेत, त्यावरून आघात केवळ सिंहासनावर नव्हता, हे ध्यानात येते.

देवाला राजाची सत्ता धारण करते असे मानले, तर 1832 नंतर तो देव संपायला हवा होता. तो संपला नाही, पण जसाच्या तसाही राहिला नाही. आज या मंदिरातील देव जयसिंहवर्मनच्या नावाने कोणी ओळखत नाही. तो पो क्लोंग गराय आहे, म्हणजे परंपरेनुसार ज्याने बंधारे घालून, पाट काढून या कोरड्या भूमीला पाणी दिले तो राजा. शिलालेखात राजाच्या नावावरून देव ओळखला जात होता, लोकस्मृतीत पाणी देणारा राजाच देव झाला. कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी देवत्वाची जी कसोटी लावली, ती मंदिर बांधणाऱ्याच्या कसोटीहून अधिक खरी होती, असेच म्हणावे लागते.

देव कशाच्या बळावर देव राहतो, या प्रश्नाची भारतीय परंपरेत निदान दोन उत्तरे आढळतात. शैव आगमांच्या मते प्रतिष्ठाविधीने देवाचे सान्निध्य मूर्तीत येते आणि नित्यपूजेने टिकते. मीमांसकांच्या मते, विशेषतः शबरस्वामींच्या भाष्यात, देवतेला शरीर नसते आणि यज्ञात प्रधान असते ते कर्म, देवता त्या कर्माचे अंग असते. फान रांगमधील आचार दोहोंना स्पर्श करतो, परंतु दोहोंतही मावत नाही, कारण तेथील कर्म एकट्या समूहाला पूर्ण करताच येत नाही. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ‘काते’ हा उत्सव होतो. त्यात मंदिराचे दार उघडून लिंगाला स्नान घालतात आणि वस्त्रे नेसवतात. ती वस्त्रे वर्षभर सांभाळतात डोंगरात राहणारे राग्लाय लोक, जे चामांहून वेगळा जनसमूह आहेत, आणि त्यांनी ती मिरवणुकीने खाली आणल्याखेरीज देवाला वस्त्र चढत नाही.

याहून गहन आहे ती अहिएर आणि अवल यांची रचना. अहिएर म्हणजे शैव परंपरेतून आलेले, ‘बालामोन’ असेही म्हटले जाणारे चाम. अवल म्हणजे इस्लामचा प्रभाव स्वीकारलेले ‘बानी’ चाम. ही दोन्ही नावे अरबीतील ‘अखेरचा’ आणि ‘पहिला’ या अर्थांच्या शब्दांवरून आली आहेत. अहिएरांकडे पुरुषतत्त्व आणि अवलांकडे स्त्रीतत्त्व अशी मांडणी असून एकावाचून दुसरे अपुरे मानले जाते. अहिएर गोमांस वर्ज्य मानतात, अवल डुकराचे मांस. अहिएर मृतांचे दहन करतात, अवल दफन. तरीही अहिएरांच्या देवमंडलात पो अउलुआ या नावाने अल्लाहला स्थान आहे आणि वर्षारंभीच्या ‘रिजा नगर’ या विधीत दोन्हींचे पुरोहित लागतात. अवलांच्या ‘रामुवान’ महिन्यात उपवास प्रामुख्याने पुरोहितवर्ग समाजाच्या वतीने करतो आणि त्याआधी कुटुंबे पूर्वजांच्या कबरींवर जातात. सतराव्या शतकातील पो रोमे या राजाने दोन्हींचा मेळ घातला, असे परंपरा सांगते. त्या परंपरेची ऐतिहासिकता कितीही तपासली, तरी भेद पुसून टाकण्याऐवजी तो विधीत बसवण्याची ही युक्ती असामान्य आहे, कारण ती सहिष्णुतेच्याही पुढे जाते : सहिष्णुतेत दुसऱ्याला सोसायचे असते, येथे दुसऱ्यावाचून आपला धर्मच पुरा होत नाही.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते की येथे देवाला धारण करते ते परस्परांचे ऋण. ‘ऋण’ हा शब्द येथे धर्मशास्त्रातील अर्थाने घ्यायचा, म्हणजे जन्माबरोबर माथी आलेले आणि केवळ कर्माने फेडता येणारे देणे. राग्लायांचे चामांशी, अहिएरांचे अवलांशी आणि जिवंतांचे पूर्वजांशी असलेले देणे दरवर्षी फेडले जाते आणि तरीही उरते, म्हणून पुढल्या वर्षी विधी पुन्हा करावाच लागतो. आक्षेप असा येऊ शकतो की अशा विचारात देव केवळ सामाजिक व्यवस्थेचे दुसरे नाव होऊन बसतो. परंतु उपासकांच्या दृष्टीने हे ऋण समाजाने निर्माण केलेले नसून देवानेच त्यांच्यावर घातलेले आहे, आणि उपासकांचा हा अनुभव बाजूला सारणारे स्पष्टीकरण अपुरेच म्हटले पाहिजे.

वसाहतकाळातील फ्रेंच अभ्यासकांनी या धर्माकडे बहुधा मूळ हिंदू धर्माचा किंवा मूळ इस्लामचा ऱ्हास म्हणून पाहिले, आणि भारतीय लेखनातही त्याला दूर देशी उरलेला आपला अवशेष म्हणून कवटाळण्याची ओढ दिसते. दोन्ही दृष्टी चुकीच्या आहेत, कारण दोन्ही त्याचे मोजमाप दुसऱ्याच्या मापाने करतात. आधुनिक राज्याच्या नोंदवह्यांनाही तोच दोष लागतो : धर्माच्या रकान्यात बानी इस्लामखाली मोडतात की स्वतंत्र, हा वाद आजही चालू आहे आणि समाजातील अनेकांनी आपली नोंद वेगळी व्हावी अशी मागणी केली आहे. 2019 च्या जनगणनेत व्हिएतनाममधील चामांची संख्या सुमारे 1 लाख 79 हजार भरली. त्यांचा धर्म समजून घ्यायचा असेल, तर अहिएर आणि अवल यांना दोन रकान्यांत स्वतंत्रपणे मांडून चालणार नाही. दोन्हींचा अभ्यास एकत्रच व्हावा लागेल.