गुण्या पालथा घालून

सुतार चौकटीचा कोन गुण्याने तपासतो. पण गुण्याच खोटा असेल तर? दुसरा गुण्या आणावा, तर त्याचा तरी भरवसा काय? तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. पंडित तिथे अडकतात, सुतार अडकत नाही.

तो सरळ धारेची एक फळी घेतो. गुण्याचा दांडा धारेला टेकवून पात्यालगत बारीक रेघ ओढतो. मग गुण्या पालथा घालतो, म्हणजे दांड्याचे डावीकडचे टोक उजवीकडे येते, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढतो. रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर खोटा. शिवाय फट चुकीच्या दुप्पट दिसते. पात्याच्या टोकाशी 1 मिलिमीटर चूक, तर फट 2 मिलिमीटर! एकाच बाजूने लावत राहिले, तर ही चूक जन्मभर दिसायची नाही. ज्या गुण्याने आखले त्याच गुण्याने, त्याच बाजूने तपासले, तर काम बरोबरच ठरते.

मला यात इन्साफाचा प्रश्न दिसतो. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. आपण तो वाण्याच्या तराजूवर ढकलून मोकळे होतो. पण आक्षेप आहे तो बाजू बदलताच माप बदलण्यावर. मुलाच्या लग्नातले देणेघेणे हा ‘रिवाज’, मुलीच्या लग्नातले तेच देणेघेणे हा ‘जुलूम’. उशिरा आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणारे गुरुजी स्वतःच्या उशिराचे खापर बसवर फोडतात. (आमच्या पेशात हे गुण्ये फार.)

नीयत साफ असली की झाले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गुण्या हातून पडला की सांधा ढिला होतो, कोन हलतो. त्यात कोणाची बदनीयत नसते. दार मात्र चौकटीत बसत नाही.

अर्थात फळीची धारच वाकडी असेल, तर ही परीक्षा फोल. माणसाच्या बाबतीत ती धार कोणती? मी ईमान म्हणेन; दुसरा कोणी वेगळे म्हणेल. तेवढा वाद शिल्लक राहतोच.

खोटा ठरलेला गुण्या सुतार लगेच फेकून देत नाही. लाकडी असेल, तर पात्याची धार रंध्याने हलकेच तासून काटकोनात आणतो. तोवर कामही अडत नाही. फाकलेल्या दोन रेघांच्या नेमक्या मधून तिसरी काढली, की ती काटकोनात येते. वेळ तेवढा जास्त लागतो.