उपकार आणि मत

वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण बेताचेच. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून निसटताना त्यांना गोळी लागली. पुढे त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला या माणसाचे कौतुक वाटणारच.

पण एक प्रश्न मला सोडत नाही. दोष दादांना देत नाही. प्रश्न त्या खुर्चीचा आहे. उसाला तोड कधी द्यायची हे ज्याच्या हाती, तोच मत मागायला दारी आला, तर शेतकऱ्याने काय करावे? तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटते, वर्षाचे कष्ट मातीत जातात. मग दिलेले मत कृतज्ञतेचे की भीतीचे, हे देणाऱ्यालाही उमगत नाही.

मला कसोटी एकच दिसते. विरोधात बोलणाऱ्या सभासदाच्या उसालाही पाळीप्रमाणे तोड मिळाली, तर तो सहकार. एरवी ती जुनीच सावकारी, फक्त धुराडे उंच. उपकार स्मरावेत, वाचकहो, जन्मभर स्मरावेत. पण मत म्हणजे उपकाराची फेड नव्हे. तो कौल आहे, आणि कौल मोकळ्या मनानेच द्यायचा असतो.