नाव : मिल्कियत की अमानत?

एखादी संस्था चालू राहते. तिच्यातली माणसे मात्र एकेक करून बदलत जातात. शेवटी असा दिवस उजाडतो की ज्यांनी ती उभी केली त्यांच्यापैकी एकही तिच्यात उरलेला नसतो. तरी नाव तेच, पाटी तीच. मग त्या नावावर हक्क कोणाचा? ज्याने ते सुचवले त्याचा, ज्यांनी ते मोठे केले त्यांचा, की आज जे ते वागवीत आहेत त्यांचा?

हा प्रश्न शाळा, साहित्य संस्था, ट्रस्ट, कुठेही विचारता येईल. परंतु घरचे उदाहरण घेतले की आपली बाजू आधीच ठरलेली असते आणि विचार तेथेच थांबतो. म्हणून आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहोत : इंग्लंडमधील 'येस' या रॉक बँडचे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्यांचा रॉक संगीताशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की पन्नासहून अधिक वर्षांत या बँडने हा प्रश्न जितक्या परींनी समोर आणला, तितका तो तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही क्वचितच सापडतो.

'येस'ची स्थापना १९६८ साली लंडनमध्ये झाली. जॉन अँडरसन गायक, ख्रिस स्क्वायर बेस गिटारवर, पीटर बँक्स गिटारवर, टोनी के ऑर्गनवर आणि बिल ब्रुफर्ड ड्रमवर. 'येस' म्हणजे 'होय' हे आटोपशीर नाव बँक्सने सुचवले, असे सांगितले जाते. आणि याच बँक्सला सर्वांत आधी, १९७० साली, बाहेर जावे लागले. त्याच्या जागी स्टीव्ह हाउ आला. त्या वर्षीच्या 'टाइम अँड अ वर्ड' या अल्बमवर गिटार वाजवली होती बँक्सने. पण अमेरिकेत तो अल्बम निघाला तेव्हा वेष्टनावरच्या छायाचित्रात बँक्स नव्हता, हाउ होता. हात एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. पुढे २०१७ साली अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने 'येस'च्या आठ जणांचा गौरव केला. त्या आठांत बँक्सचे नाव नव्हते. तो तर २०१३ सालीच हे जग सोडून गेला होता.

बँक्सनंतर जाण्यायेण्याची रीघच लागली. १९७१ साली टोनी केच्या जागी रिक वेकमन आला. १९७२ साली 'क्लोज टू द एज' हा गाजलेला अल्बम पुरा होताच ब्रुफर्ड 'किंग क्रिम्झन' या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि ॲलन व्हाइटने अवघ्या काही दिवसांत सारी अवघड गाणी बसवून दौऱ्यावर ड्रम सांभाळले. वेकमन गेला, परत आला, पुन्हा गेला. १९८० साली खुद्द अँडरसनच बाहेर पडला आणि ज्या गळ्यावरून बँड ओळखला जाई तोच गळा उरला नाही. 'बगल्स' या दोघांच्या पॉप गटातील ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आत आले. हॉर्न उत्तम संगीतकार. पण अँडरसनच्या उंच पट्टीत रोज रात्री गाणे त्याच्या गळ्याला झेपेना. १९८१ साली बँड मोडला.

नंतर स्क्वायर आणि व्हाइट यांनी ट्रेव्हर राबिन या दक्षिण आफ्रिकी गिटारवादकाबरोबर नवा गट जमवला. त्याचे नाव 'सिनेमा' ठरले होते. टोनी केही त्यात आला. ध्वनिमुद्रण चालू असताना अँडरसन येऊन गायला आणि 'सिनेमा'चे पुन्हा 'येस' झाले. १९८३ साली '९०१२५' हा अल्बम आला आणि त्यातले एक गाणे १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याचा निर्माता कोण? गायक म्हणून ज्याला जमले नव्हते तोच ट्रेव्हर हॉर्न. एखाद्या जागी माणूस कमी पडला म्हणजे त्या कामालाच तो नालायक ठरत नाही, हे आम्ही शिक्षकांनी तरी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथवर प्रश्न सोपा होता : माणसे बदलली, नाव एकाच ठिकाणी राहिले. १९८९ साली तो बिकट झाला. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे, ग्रीसमध्ये, जावे लागेल. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की अथेन्सच्या लोकांनी थीसिअस या वीराचे जहाज जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढायची आणि तेथे नवी बसवायची, असे पिढ्यान् पिढ्या चालले. मग तत्त्वज्ञांत वाद पेटला : हे जहाज तेच की दुसरे? सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने या वादाला आणखी एक पीळ दिला. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

हॉब्जने कल्पिले ते 'येस'च्या बाबतीत घडले. अँडरसन पुन्हा बाहेर पडला आणि त्याने ब्रुफर्ड, वेकमन आणि हाउ यांना एकत्र आणले. सत्तरच्या दशकात ज्या पाच जणांनी 'येस'ला कीर्ती मिळवून दिली होती, त्यांतले हे चार. पण नाव पाचव्याच्या, म्हणजे स्क्वायरच्या बाजूला राहिले. प्रकरण वकिलांपर्यंत गेले. चौघांनी अल्बमवर फक्त आपली आडनावे ओळीने छापली आणि दौऱ्याची जाहिरात 'येसच्या संगीताची संध्याकाळ' अशा अर्थाच्या शब्दांत केली. गंमत अशी की संस्थापक दोन्हीकडे दोन-दोन होते : इकडे अँडरसन व ब्रुफर्ड, तिकडे स्क्वायर व के. १९९१ साली तडजोड झाली, आठही जण एका मंचावर आले आणि 'युनियन' नावाचा अल्बम निघाला. तो जुळवताना बाहेरच्या वादकांची इतकी भर घातली गेली की वेकमन त्याला 'ओनियन' म्हणजे कांदा म्हणू लागला; ऐकताना डोळ्यांत पाणी येते म्हणून! आठही जण जमले, पण त्या अल्बममध्ये बँड काही जमला नाही. तेव्हा माणसांची बेरीज म्हणजे संस्था, हे उत्तर पुरे पडत नाही.

मग जो संस्थापक तोच खरा, असे म्हणावे काय? तेथे ॲलन व्हाइट आडवा येतो. तो संस्थापक नव्हता. ब्रुफर्ड पहिल्या खेपेला चार वर्षे होता. व्हाइटने १९७२ पासून २०२२ च्या मे महिन्यात मृत्यू येईपर्यंत अर्धे शतक या बँडशी नाते राखले. पन्नास वर्षे राबणाऱ्याला 'तू मूळचा नाहीस' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

कायद्याचे कागद ज्याच्याकडे त्याचे नाव, हे तिसरे उत्तर. ते स्पष्ट आहे आणि न्यायालयात त्याचाच उपयोग. पण २००८ साल पाहा. चाळिसाव्या वर्षाचा दौरा ठरला होता. अँडरसनला श्वसनाचा गंभीर विकार झाला आणि डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितले. दौरा रद्द झाला. काही महिन्यांतच उरलेल्यांनी नवा गायक घेऊन दौरा काढला. हा बेन्वा दाव्हिद कॅनडातल्या एका बँडमध्ये 'येस'चीच गाणी गात असे. त्याची चित्रफीत स्क्वायरने इंटरनेटवर पाहिली होती. अँडरसनने जाहीरपणे दुःख व्यक्त केले. दुसऱ्या बाजूचेही म्हणणे होते : आमचीही वये झाली, आम्ही कुठवर थांबायचे? कायद्याने कोणी चुकले असे म्हणता येणार नाही. तरीही आजारी माणसाची जागा भरताना त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न कागदांनी सुटत नाही. त्या दौऱ्यात एक गोष्ट मात्र नोंदण्याजोगी झाली. जाहिरातीत नुसते 'येस' न लिहिता 'येसचे हाउ, स्क्वायर आणि व्हाइट' असे लिहिले गेले. कारण काहीही असो, तिकीट काढणाऱ्याला मंचावर कोण आहे हे त्यातून कळत होते.

आमच्या मते या वादाची मेख येथे आहे. 'जहाज तेच की दुसरे?' हा प्रश्न लाकडाच्या बाबतीत बुद्धीचा खेळ आहे. फळीला काही वाटत नाही. माणसांच्या संस्थेत तो देण्याघेण्याचा, इन्साफाचा प्रश्न होतो. आपल्याकडे मिल्कियत आणि अमानत यांत फरक करतात. मिल्कियत म्हणजे आपली वस्तू. तिचे काय करावे ही आपली मर्जी. अमानत दुसऱ्यांची असते, आपल्या हाती सांभाळायला आलेली. मोठे झालेले नाव अमानत आहे, असे धरले की 'येस'च्या इतिहासातली बरीच गुंतागुंत उलगडते.

अमानत सांभाळणाऱ्यावर तीन गोष्टी येतात. पहिली, लपवू नये. आत कोण आहे आणि कोण नाही, हे ऐकणाऱ्याला उघड सांगावे. दुसरी, गेलेल्याचे काम आपल्या खाती लिहू नये. बँक्सच्या गिटारीवर हाउचे छायाचित्र छापणारे कंपनीवाले या कसोटीला उतरत नाहीत. तिसरी, वेळ आली की नीट हाती सोपवावी. २०१५ साली स्क्वायरला रक्ताचा कर्करोग झाला. तोवरच्या प्रत्येक 'येस' अल्बमवर वाजवलेला तो एकमेव माणूस. उपचारांच्या काळात आपल्या जागी बिली शेरवूडने वाजवावे, हे त्याच्याच इच्छेने ठरले. शेरवूड पूर्वी बँडमध्ये राहून गेलेला, त्याचा जुना सहकारी. जूनमध्ये स्क्वायर वारला आणि शेरवूड तेथेच राहिला. ही जागा बळकावलेली नव्हती, सोपवलेली होती.

उलट बाजूही मांडली पाहिजे. हे सारे पैशाचे आहे, असे म्हणणाऱ्याला आम्ही खोटे ठरवणार नाही. नावाशिवाय तिकिटे खपत नाहीत. २०१७ साली अँडरसन, राबिन आणि वेकमन यांनीही आपल्या आद्याक्षरांपुढे 'येस' जोडले आणि काही काळ दोन 'येस' एकाच वेळी गात फिरत होते. पण पैसा मिळतो म्हणून अमानतीची जबाबदारी कमी होत नाही. उलट हिशेब अधिक चोख लागतो.

श्रोत्यांवरही थोडी जबाबदारी आहे. २०१२ पासून गाणारा जॉन डेव्हिसन 'येस'च्या स्थापनेनंतर जन्मला. दुसऱ्याने उंच नेलेल्या पट्टीत त्याला रोज उभे राहावे लागते. त्याच्याकडे पाहून 'हा तो नव्हे' एवढेच म्हणणे सोपे आहे, तोही अन्यायच. २०२३ साली 'मिरर टू द स्काय' हा अल्बम आला तेव्हा संस्थापकांपैकी त्यात कोणी नव्हते. १९७० साली आलेला स्टीव्ह हाउ सर्वांत जुना. हाउचा जन्म १९४७ चा. त्याच्यानंतर काय, हा प्रश्न फार दूरचा नाही.

आमचे उत्तर असे : जोवर नवे लोक जुन्यांचे नाव घेऊन, स्वतःचे काम स्वतःच्या नावावर करून, ऐकणाऱ्याला न फसवता गात आहेत, तोवर ते नाव त्यांच्याकडे असायला हरकत नाही, मग संस्थापक एकही नसेना का. ज्या दिवशी फक्त पाटी विकली जाईल, त्या दिवशी सारे संस्थापक आत बसलेले असले तरी ती खयानतच होईल. आपल्या शाळा, आपल्या परिषदा, आपले ट्रस्ट यांच्या पाट्यांवर ज्यांची नावे आहेत आणि ज्यांची राहून गेली आहेत, त्यांच्या बाबतीत हा हिशेब ज्याने त्याने मांडून पाहावा.