इंजिनाकडे वळणारा दिवा

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ दरम्यान बनलेल्या विलीज जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले असत. नट सैल करून दिवा मागे उलटवला, की उजेड थेट इंजिनावर. गाडी बिघडणार आणि अंधारात कुणीतरी ती दुरुस्त करणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. मला यात दुरुस्त करणाऱ्या हातांचा मोठा मान दिसतो.

म्हणूनच अशी जीप आजही घरच्या अंगणात पुन्हा उभी करता येते. गंज खरवडताना पत्र्याला आरपार भोक पडतं. जाम नटावर रात्रभर तेल सोडून ठेवावं लागतं. घाई केली, की बोल्ट तुटलाच. आधी ब्रेक, स्टिअरिंग. रंग सगळ्यात शेवटी. महिंद्राच्या जुन्या जीपही याच घराण्यातल्या. तुमच्या गोठ्यामागे एखादी पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी तिचं बॉनेट एकदा उघडून बघा.